मनगटावरची दोन बोटं

खोलीत कुणीच बोलत नव्हतं. उपासनाबाईंनी टेबलावर एक छायाचित्र ठेवलं होतं आणि त्या मनातल्या मनात दहा आकडे मोजत होत्या. प्रश्न विचारून झाला की दहापर्यंत थांबायचं, मोजणं ओठांवर येऊ द्यायचं नाही, मुलाला घाई करायची नाही, हा त्यांच्या कामाचा नियम. छायाचित्र नीलमचं होतं. टेबलाच्या अलीकडे ठेंगण्या खुर्चीत नीलमची चार वर्षांची मुलगी मंगल बसली होती आणि तिच्या पाठीशी स्वतः नीलम. ‘हे कोण?’ एवढाच प्रश्न होता. उत्तराची जागा मोकळी होती, आणि ती मोकळी जागा पंख्याच्या वाऱ्याने हळूहळू थंड होत चालली होती.

सहाव्या आकड्याच्या सुमारास मंगलने उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर टेकवली. एकदा, मग पुन्हा एकदा. लगेच मागून नीलमचा हात आला. त्याने मुलीचे दोन्ही हात हलकेच धरले आणि तिच्या मांडीवर दाबून ठेवले.

“हात खाली, मंगू. तोंडानं सांग.”

दहा आकडे संपले. उपासनाबाईंनी वहीत लिहिलं, प्रतिसाद नाही.

मित्रांनो, त्या टेबलावर मीही होतो. मंगलने उत्तर दिलं होतं. तिच्याखेरीज आणखी दोघांना ते कळलं होतं. त्यातली एक तिची आई. ती गप्प राहिली. दुसरा मी, आणि मला तोंडच नाही.

मी विणकराच्या मागावरचा एक जुना धोटा आहे. होडीसारखा आकार, दोन्ही टोकांना लोखंडी चोच, मधे पोकळ पोट. त्या पोटात सुताची कांडी बसते आणि कुशीवरच्या चिनी मातीच्या बारीक डोळ्यातून धागा बाहेर पडतो. डोळा आहे, तोंड नाही. उभ्या धाग्यांच्या दोन थरांमधून या काठापासून त्या काठापर्यंत जायचं आणि मागे आडवा धागा सोडत यायचं, एवढंच माझं बोलणं. मला खानापूरकडच्या शिसवातून एका सुताराने घडवलं. तासून झाल्यावर त्याने मला गालावर घासून पाहिलं होतं. गालाला जे बोचत नाही ते सुतालाही बोचत नाही, असा त्याचा हिशेब. त्या गालाची खरखर ही माझी पहिली आठवण.

वडगावातल्या गुंडू विणकराच्या हातमागावर मी वीस वर्षं धावलो. काठापदराची लुगडी विणली. हातमागाचा आवाज माणसाच्या बोलण्याला धक्का न लावणारा असतो. दोन ठोक्यांच्या मधे एक वाक्य सहज मावतं. गुंडू विणता विणता घरच्यांशी बोले, रस्त्यावरून जाणाऱ्याला हाक मारे, माझ्याशीही बोले. ‘आज लई फिरवलं बघ तुला’ असं म्हणून तो मला संध्याकाळी धोतराच्या सोग्याने पुसायचा. माझं कौतुक म्हणाल तर ते एवढंच. पण ते रोजचं होतं.

मग गुंडूचा मुलगा नागेंद्र कर्ता झाला आणि पुढच्या सोप्यात चार यंत्रमाग बसले. त्यांचे धोटे वेगळे, जाड, कुणाच्या हाताची वाट न पाहणारे. मला फळीवर ठेवण्यात आलं. चारही माग सुरू झाले की घरातलं बोलणं बुडून जायचं. ओरडूनही शेजारच्याला ऐकू जात नसे. तेव्हा त्या घराने वडगावातल्या इतर कितीतरी घरांसारखं हातांनी बोलायला सुरुवात केली. दोन्ही तर्जन्या एकमेकींत अडकवून ओढून सोडल्या की धागा तुटला. अंगठा आणि बोट पिळून दाखवलं की जोडतोय, गाठ मारतोय. अंगठा ओठांशी नेला की चहा. फळीवरून मी ते सगळं पाहत होतो. बोलण्याचा आवाज काढून घेतला तरी बोलणं शिल्लक राहतं, हे मी तिथे शिकलो.

नीलम त्या घरात लग्न होऊन आली ती जांबोटीकडून. दिवसाकाठी दोन गाड्या येणारं तिचं गाव. डोंगरातल्या एका घरातून दुसऱ्या घराला हाक मारली की ती भातशेतावरून तरंगत जाते, असं ती पहिल्या वर्षी सांगायची. सांगायची ती माग बंद असताना. माग सुरू असले की ती सोप्याच्या दारात उभी राहून नुसती बघत असे. तिला घरातली ही हातांची भाषा यायला वर्ष लागलं. तिला बोलवायचं असलं की नागेंद्र मनगटावर दोन बोटं टेकवायचा, कारण नवीन नवरीच्या हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या होत्या. बांगड्या पुढे कमी झाल्या. खूण राहिली. त्या घरात मनगटावरची दोन बोटं म्हणजे नीलम.

वडगावच्या मंगाई देवीच्या जत्रेच्या दिवसांत मुलगी झाली, म्हणून तिचं नाव मंगल. तिचा पाळणा सोप्याच्या कडेलाच टांगला होता. रांगायला लागली तेव्हा मी फळीवरून तिच्या हाती लागलो, आणि तिने मला सोडलं नाही. मला जमिनीवरून ढकलायची, मी थांबलो की तर्जन्या अडकवून ओढायची. तुटलं. मग गुंडूकडे बघायची. म्हातारा पिळून दाखवायचा. जोडलं. की ही पुन्हा मला ढकलायची. अडीच वर्षांची झाली तरी तिच्या तोंडून शब्द आला नाही. पेला धरताना तिची बोटं सैल पडत, पायरी चढताना ती अडखळे. कानांची तपासणी झाली. कान ठणठणीत होते. शहरातल्या एका डॉक्टरांनी मात्र, घरात चार माग आहेत हे कळल्यावर, भरल्या दवाखान्यात नीलमला सुनावलं की या आवाजात तुम्ही लेकराचं बोलणं पुरून टाकलंत.

ते वाक्य नीलमने घरी आणलं. त्या दिवसापासून तिने घरात खुणा बंद करायला सांगितल्या. हातांनी मागितलेलं मिळतंय म्हटल्यावर पोर तोंड कशाला उघडेल, असं तिचं म्हणणं होतं आणि त्यावर तिच्याशी वाद घालण्याइतकी खात्री घरात कुणाजवळच नव्हती. गुंडू तेवढा चोरून, पाठ फिरली की, नातीशी हातांनी बोलत राहिला.

हिंडलगा रस्त्यावर, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, उशिरा बोलणाऱ्या आणि हातापायांत बळ कमी असलेल्या लहान मुलांना शिकवतात, असं कळल्यावर नीलम मंगलला तिथे घेऊन गेली. उपासनाबाई तिथे बोलणं शिकवत. त्या निपाणीच्या. शांत, नेमक्या, वही स्वच्छ ठेवणाऱ्या. पहिल्या दिवशी त्यांनी फॉर्म भरताना विचारलं, घरात सतत मोठा आवाज असतो का. नीलमने न्हाई म्हटलं. घरचा धंदा काय, तर कापडाचा. पहिलं उत्तर खोटं होतं, दुसरं अर्धंच खरं, आणि त्या दोन उत्तरांनी फॉर्मवरून एक अख्खं घर पुसलं गेलं होतं. दवाखान्यातला तो दिवस तिला पुन्हा नको होता. मुलीच्या आवडीची एखादी वस्तू आणा, असं बाईंनी सांगितलं तेव्हा मंगलच्या मुठीत मीच होतो. हे काय, या प्रश्नावर नीलम म्हणाली, सासऱ्यांच्या वेळचं काहीतरी आहे, आता तसलं काही राहिलं नाही.

मित्रांनो, माझं दुसरं आयुष्य असं सुरू झालं. कौतुकही पुन्हा वाट्याला आलं. उपासनाबाईंनी मला टेबलावरून मंगलकडे सरकवायचं, मंगलने परत सरकवायचं. एकाने पाठवायचं, दुसऱ्याने घ्यायचं आणि परत करायचं. बोलण्याचा पाया हाच असतो, असं त्या इतर पालकांना मला दाखवून सांगत. माझ्या डोळ्यातून धागा ओवायला लावून त्यांनी मंगलच्या अंगठ्यात आणि बोटात चिमूट आणली. चौथ्या महिन्यात पहिल्यांदा धागा आरपार गेला तेव्हा नीलमने तोंडाला पदर लावला. मला वाटलं होतं, माझ्या पोटात पुन्हा कांडी बसली.

पण बोटांत बळ येऊ लागलं तशी ती बोटं बोलू लागली. नीलम पाणी आणायला बाहेर गेली की मंगल मनगटावर टेकायची आणि तर्जन्या ओढून सोडायची. आई, तुटली. ती बाईंकडे बघून हे सांगायची, पुन्हा पुन्हा सांगायची, आणि बाई तिचे हात हळूच टेबलावर आणून ठेवत. हात खाली, इकडे बघ. त्यांच्या स्वच्छ वहीत एक ओळ वारंवार येऊ लागली : बोटांचे निरर्थक चाळे, काम करताना अडथळा. नीलमने ती ओळ वाचली होती. वाचून तिने वही मिटून परत दिली. घरीही हात खाली, इथेही हात खाली. आठ महिन्यांत ती खूण लहान लहान होत गेली. आधी दोन बोटं होती, मग एकच राहिलं, मग तेही टेबलाच्या खाली, जिथे फक्त माझ्यासारख्या कडेला ठेवलेल्या वस्तूला दिसावं. नाही मिळालं उत्तर की मंगल स्वतःच्या मनगटाला चावायची. बरोबर त्याच जागी.

मी टेबलावर पडून होतो. मी एका डोळ्याचा साक्षीदार. लाकडाला कंप फुटत नाही, नाहीतर त्या दिवसांत मी माझ्या दोन्ही चोचींनी ते टेबल वाजवलं असतं.

मग जांबोटीला नीलमची आई अंथरुणाला खिळली आणि नीलमला बारा दिवस माहेरी जावं लागलं. मंगलला घेऊन बसने गुंडू येऊ लागला. सून त्याला बजावून गेली होती, तिथं मागाचा विषय काढायचा नाही. तो दारापाशी स्टुलावर बसला. टोपी गुडघ्यावर ठेवलेली. पहिल्याच दिवशी मंगलने खोलीभर नजर फिरवली, दाराकडे पाहिलं, आणि टेबलाखाली तिचं ते एक बोट मनगटावर गेलं. मग तर्जन्या. म्हाताऱ्याने तिकडे पाहिलं आणि सवयीने, डोळ्यांवरची माशी उडवावी इतक्या सहज, अंगठा आणि बोट पिळून दाखवलं. मंगलचा चेहरा सैल झाला. तिने मला ढकललं.

उपासनाबाईंनी पेन खाली ठेवलं.

“आजोबा, आत्ता काय केलंत तुम्ही?”

“म्या? काय न्हाई.”

“हातानं काहीतरी दाखवलंत.”

“त्ये व्हय. तिनं इचारलं, आई तुटली काय म्हणून. म्हटलं जोडतोय. यील की ती.”

बाईंनी खुर्ची म्हाताऱ्याकडे वळवली. मग त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली आणि सुनेला दिलेला शब्द आठवण्याआधीच गुंडू अर्धा माग बोलून बसला होता. आठवल्यावर त्याने टोपी डोक्यावर चढवली, पुन्हा काढली, आणि आता लपवून काय उपयोग असं म्हणून उरलेलंही सांगितलं. मनगट म्हणजे नीलम हे सांगताना त्याला हसू आलं. नागेंद्र तसा लाजरा, म्हातारा म्हणाला, बायकोला नावानं हाक मारायची सोय झाली त्याला, आणि आमालाबी ऐकाय जात न्हवती.

“तुमी बोलाय शिकवतायसा म्हणं,” तो शेवटी म्हणाला. त्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. “ही कवाधरनं बोलाय लागलीया. ऐकणारं कोण न्हवतं, बाई.”

उपासनाबाईंनी वही मागे चाळली. महिन्यामागून महिना. ‘चाळे’ या शब्दाखाली त्यांचं पेन थांबत गेलं. मग त्या म्हाताऱ्याकडे न बघता हळू आवाजात सांगू लागल्या, की त्यांची आजी लक्ष्मीबाई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होती. तिथे धुळीपायी बायका नाकातोंडावर फडकी बांधायच्या आणि दिवसभर हातांनीच बोलायच्या. आजी घरी आल्यावरही भाकरी वाढू का हे हातानेच विचारायची आणि आम्ही पोरं हसायचो. “मला कळायला हवं होतं,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या कुणाला नाही तरी मला.”

त्यानंतरचे अकरा दिवस माझ्या दोन्ही आयुष्यांतले सर्वांत उजेडाचे. उपासनाबाई गुंडूकडून एकेक खूण शिकल्या. त्यांची बोटं सुरुवातीला चुकत. त्यांनी चहाऐवजी भलतंच काहीतरी मागितलं तेव्हा मंगल पहिल्यांदा आवाज करून हसली. वहीत नवं पान लागलं. त्यावर मंगलचे शब्द होते, अकरा. अकरावा होता तो मी : तळहात आडवा धरून इकडून तिकडे. नवव्या दिवशी मला ढकलताना तिच्या ओठांतून ‘ध’सारखं काहीतरी निसटलं, हाताच्या पाठोपाठ, हात धरून चालणाऱ्या धाकट्या भावंडासारखं. खुणा आवाजाला अडवत नाहीत, त्याला वाट दाखवतात, हे बाईंनी गुंडूला समजावून सांगितलं. तो म्हणाला, ते माझ्या सुनेला सांगा.

मित्रांनो, इथेच थांबता आलं असतं तर मी थांबलो असतो. पण माग मधेच सोडून उठलं की कापड होत नाही, नुसते दोरे लोंबतात. तेव्हा एक गोष्ट आधी मागून घेतो. तुमच्या वर्गात, तुमच्या गल्लीत, तुमच्या घरात कुणी असेल ज्याचं बोलणं तुमच्यासारखं नाही. ते हातांनी असेल, डोळ्यांनी असेल, एखादी वस्तू पुन्हा पुन्हा ढकलण्यात असेल. ते तुम्हांला कळलं नाही तर कळलं नाही म्हणा. त्याला चाळे म्हणू नका. आणि त्याचे हात धरू नका. माझी काळजी घ्या असं मी मागत नाही. मी लाकूड आहे, मला पुसलं नाही तरी चालतं.

तेराव्या दिवशी नीलम परत आली. तिच्या आईच्या हाती फार दिवस उरले नव्हते. डोळ्यांखाली काळं होतं. उपासनाबाईंनी तिला समोर बसवलं आणि नवीन पान दाखवलं. माग लपवल्याबद्दल त्यांनी विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, “आठ महिने ती तुम्हांला आई म्हणत होती. मी प्रतिसाद नाही असं लिहीत होते. तुम्हांला ठाऊक होतं?”

मंगल कोपऱ्यात माझ्याशी खेळत होती. नीलमने स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं.

“ठाव हुतं,” ती म्हणाली. “पर खुणंला बघाय लागतंय, मॅडम. हाक पाठमोऱ्या बाईला बी पोचती. आमच्यात डोंगराच्या पलीकडनं पोचती. मला वाटलं, एकदा मागनं हाक मारंल. मी न बघता वळीन.” मग थांबून, “आय आता अंथरुणात बोलत न्हाई. नुसतं मनगट धरती माझं. तवा कळलं मला.”

उपासनाबाईंनी मंगलला ठेंगण्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः बाजूला झाल्या. या वेळी नीलम मागे नव्हती, समोर होती. छायाचित्र नव्हतं. टेबलावर फक्त मी. नीलमने मला दोन्ही हातांनी धरलं, क्षणभर गालाशी नेलं, आणि मुलीकडे सरकवलं. मी थेट मंगलच्या बोटांशी जाऊन थांबलो. मग नीलमने उजव्या हाताची दोन बोटं आपल्या डाव्या मनगटावर टेकवली. एकदा, दोनदा. आणि ती थांबली. आकडे कोण मोजत होतं मला ठाऊक नाही, बहुधा तिघीही.

मंगलने आईच्या हाताकडे पाहिलं. नीट पाहिलं. तिचं एक बोट उचललं गेलं, माझ्या चोचीवरून घसरलं, आणि मनगटाच्या दिशेने निम्म्या वाटेवर आलं. तिथे ते थबकलं. मग तिने दोन्ही हात एकावर एक ठेवले आणि मांडीवर घट्ट दाबून धरले, अगदी आईने शिकवलं होतं तसे. इतके नीट, की त्यात दुरुस्त करण्याजोगं काही नव्हतं.

“मंगू,” नीलम म्हणाली. “हात वर घे, बाळा. घे की गं.”

मंगल खुर्चीतून उतरली. हात अंगाशी धरूनच ती वळली आणि दाराकडे चालू लागली. मी टेबलाच्या तिच्या बाजूला पडून होतो, परत कुणी पाठवलं नव्हतं. नीलमची दोन बोटं मनगटावर टेकत राहिली, टेकत राहिली, त्या पाठमोऱ्या मुलीला दिसणार नाहीत अशी.